विजेची एकचाकी शिकताना : पडझड, खारी हवा आणि यंत्राचे जतन

विजेवर चालणारी एकचाकी हे मुख्यत्वे उभ्याने चालवायचे वाहन आहे. मधोमध जाड टायरचे एकच चाक, त्या चाकाच्या मध्यभागीच बसवलेली मोटर, चाकाला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे प्लास्टिकचे कवच, कवचाच्या पोटात बॅटरी आणि कंट्रोलर, म्हणजे मोटरला क्षणोक्षणी किती वीज द्यायची हे ठरवणारे सर्किट, आणि खाली दोन्ही अंगांना घडी होणारी दोन पेडले, एवढाच तिचा संसार असतो. ट्रेव्हर ब्लॅकवेल या अभियंत्याने 2004 च्या सुमारास स्वतःचा तोल सांभाळणारी एकचाकी बनवून दाखवली आणि शेन चेन यांची ‘सोलोव्हील’ 2011 मध्ये बाजारात आली. त्यानंतर इनमोशन, किंगसाँग, बिगोड अशा चिनी कंपन्यांनी हे वाहन जगभर पोहोचवले. सर्कशीतल्या एकचाकीवर पुढेमागे होणारा तोल स्वार पायांनी सांभाळतो, तर येथे ते काम जायरोस्कोप, म्हणजे यंत्र किती आणि कोणत्या दिशेला कलले हे मोजणारा संवेदक, आणि मोटर मिळून करतात. स्वार पुढे झुकला की चाक पुढे धावून त्याला सावरते आणि मागे रेलला की चाक मंदावते.

मात्र हा स्वयंचलित तोल केवळ पुढच्या-मागच्या दिशेपुरता असतो. डाव्या-उजव्या बाजूचा तोल सायकलप्रमाणेच चाक गतीत असताना स्वाराने स्वतः राखायचा असतो आणि तो अंगी बाणेपर्यंत यंत्र वारंवार कलंडते. म्हणून शिकाऊ काळातील नुकसान वेगामुळे क्वचित होते. ते बहुधा चाक जवळजवळ थांबलेले असताना, चढताना किंवा उतरताना होते. कोरड्या हवेच्या गावात अशा पडण्याने कवचावर उमटलेला ओरखडा फार तर डोळ्यांना खुपतो. रत्नागिरीत, जेथे वर्षाकाठी सरासरी 3,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उरलेल्या महिन्यांतही समुद्रावरून येणारा वारा मीठ आणि ओल घेऊन येतो, तेथे कवचाला पडलेली केसाएवढी चीर ही पाण्याला मिळालेली वाट असते आणि त्या वाटेने आत शिरलेली ओल पुढे कित्येक महिने काम करत राहते. त्यामुळे या भागात एकचाकीचे जतन म्हणजे आधी कवच न फुटू देणे, आणि फुटलेच तर ते वेळीच ओळखून बुजवणे, असा अर्थ घ्यावा लागतो. जतनाचे पुढील सर्व उपाय या एका सूत्राभोवती मांडले आहेत.

या काळजीला आणखी एक व्यावहारिक कारण आहे. या वाहनाचे सुटे भाग गावातील सायकल किंवा दुचाकीच्या दुकानात मिळत नाहीत. बहुतेक भाग बाहेरून मागवावे लागतात आणि बॅटरीच्या बाबतीत तर वाहतुकीचेच निर्बंध आड येतात. विमान प्रवाशाला सोबत नेता येणारी लिथियम बॅटरी सर्वसाधारणपणे 100 वॅट-अवरपर्यंत आणि विमान कंपनीच्या परवानगीने 160 वॅट-अवरपर्यंत असू शकते, तर एकचाकीची बॅटरी कित्येक शे वॅट-अवरपासून दोन हजारांच्या वरही जाते. परदेशातून येणाऱ्या नातलगाने ती सामानात घालून आणावी, हा मार्ग त्यामुळे बंद आहे. मोडले तर बदलू, या भरवशावर राहण्यासारखी ही वस्तू नव्हे.

पडताना काय घडते

संरक्षण कोठे आणि किती करायचे हे ठरवण्यापूर्वी यंत्र पडते कसे हे पाहणे आवश्यक आहे. पहिल्या प्रकारात स्वाराचा पाय पेडलवरून निसटतो आणि एकचाकी सरळ बाजूला आडवी होते. या वेळी पेडलची बाहेरची कड आणि कवचाचा वरचा कोपरा असे दोन बिंदू जमिनीवर आपटतात. आडवे होण्याचा कोन ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की कंट्रोलर मोटर बंद करतो, त्यामुळे नुकसान बहुधा खरचटण्यावर निभावते. दुसऱ्या प्रकारात स्वार घाबरून पुढे उडी मारतो; त्याच्या पायाच्या रेट्याने यंत्र कलते, हा कल म्हणजे वेग वाढवण्याची सूचना आहे असे संवेदक समजतो आणि मोकळे चाक स्वाराविनाच धाव घेते. अशी सुटलेली एकचाकी काही अंतर जाऊन कोलांट्या खाते आणि पेडल, हँडल, दिवा, मडगार्ड यांपैकी जे पुढे येईल ते मोडते. तिसरा प्रकार हा पडण्याचा नसून उचलण्याचा आहे. बटण चालू असतानाच यंत्र हँडलला धरून उचलले, तर अधांतरी चाक क्षणार्धात पूर्ण वेगाने फिरू लागते आणि त्याच अवस्थेत जमिनीला टेकले तर हातातून हिसकले जाते. काही मॉडेलांत हँडलखाली असे फिरणे रोखणारे बटण दिलेले असते; ते नसल्यास आधी यंत्र बंद करावे आणि मगच उचलावे, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा.

या तिन्ही प्रकारांत एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पडणारी एकचाकी पायाने अडवण्याचा किंवा हाताने झेलण्याचा प्रयत्न करू नये. तिचे वजन साधारणतः 12 किलोपासून 40 किलोपर्यंत असते, पेडलची कड कठीण असते आणि ती नडगीवर बसली तर जखम खोल होते. यंत्राचे जतन हे पडण्यापूर्वीच्या तयारीने करायचे असते. पडण्याच्या क्षणी केवळ स्वतःला सांभाळायचे असते. हेल्मेट, मनगटाचे पट्टे, कोपर आणि गुडघ्यांची पॅड, नडगीची ढाल आणि घोटा झाकणारे बूट यांविना यंत्रावर पाय ठेवू नये, आणि चपला घालून तर मुळीच नाही. शरीर सुरक्षित आहे याची खात्री असलेला माणूस यंत्र सोडून शांतपणे उतरतो, घाबरून उडी मारत नाही, आणि त्यामुळे यंत्रही कमी आपटते.

जागेची निवड

शिकण्याची जागा निवडताना कायद्याचा विचार आधी करावा. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार, ज्या बॅटरीवरील वाहनाच्या मोटरची तीस मिनिटांची शक्ती 250 वॅटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आहे आणि अधिकृत चाचणी संस्थेने तसे प्रमाणित केले आहे, अशा वाहनालाच मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट मिळते. बाजारातील बहुतेक एकचाक्यांची मोटर याहून कितीतरी शक्तिमान असते. त्यामुळे माळनाका, जयस्तंभ किंवा रामआळीसारख्या रहदारीच्या रस्त्यावर शिकणे बेकायदा ठरू शकते आणि धोक्याचे तर ते आहेच. खासगी आवार, किंवा परवानगी घेऊन वापरलेले शाळा-महाविद्यालयाचे मैदान अथवा बास्केटबॉलचे कोर्ट, हीच योग्य जागा होय. चंपक मैदानासारख्या मोकळ्या जागीही खेळणारी मुले आणि फिरायला आलेली वडीलधारी मंडळी नसतील अशीच वेळ निवडावी, कारण सुटलेली एकचाकी कोणाकडे धावेल हे स्वाराच्या हाती नसते.

रत्नागिरीतील जमिनीचे स्वरूपही लक्षात घ्यावे लागते. सड्यावरची, म्हणजे पठारावरची, जमीन, चिऱ्यांची बांधणी, गडगे, म्हणजे दगडी कुंपणे, आणि जुनी अंगणे ही सारी जांभ्याची असतात, आणि जांभ्याचा उघडा, सच्छिद्र पृष्ठभाग प्लास्टिकला कानशीसारखा घासतो. काँक्रीटवर एकदा घसरल्याने जेवढे खरचटते, त्याहून खोल चरा जांभ्यावर पडतो. आधारासाठी गडग्याला हात लावून सराव करण्याचा मोह होतो, परंतु गडग्याच्या बाजूला कललेली एकचाकी आपले संपूर्ण अंग दगडावर घासत जाते. त्यापेक्षा कमरेएवढ्या उंचीचा लोखंडी कठडा किंवा दोन बाजूंना उभी राहिलेली दोन माणसे हा आधार चांगला. हिरवळ मऊ असली तरी तिच्यावर चाक जड चालते, खड्डे दिसत नाहीत आणि शिकणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त झुकावे लागते. म्हणून पहिल्या टप्प्यात, जेव्हा केवळ चढणे, एका पायावर यंत्र ढकलणे आणि उतरणे एवढेच करायचे असते, तेव्हा कोरड्या, घट्ट दाबलेल्या मातीची जागा घ्यावी आणि सलग दहा-वीस मीटर जाता येऊ लागल्यावर पॅड लावलेले यंत्र घेऊन गुळगुळीत काँक्रीटवर जावे.

समुद्रकिनाऱ्याबाबत स्वतंत्रपणे सांगणे भाग आहे. ओहोटीच्या वेळी भाट्ये किंवा मांडवीची ओली, घट्ट वाळू सपाट आणि मऊ दिसते आणि शिकण्यासाठी तिच्याहून आदर्श जागा नसेल असे वाटते. प्रत्यक्षात या वाहनासाठी तिच्याहून वाईट जागा नाही. वाळूचे कण टायर आणि कवच यांच्यातील अरुंद फटीत अडकतात, चाकाबरोबर फिरून आतील भाग घासतात, आणि त्यांच्यासोबत आलेले खारे पाणी मोटरची बेअरिंग्ज व तारांचे जोड यांत जाऊन बसते. गोड पाणी काही काळाने वाळून जाते, परंतु खाऱ्या पाण्यातील मीठ मागे राहते, हवेतील ओल पुन्हा पुन्हा खेचून घेते आणि विजेला वाहायला चोरवाट करून देते. पुळणीवरची एक फेरीही त्यामुळे परवडत नाही.

वेष्टण कसे करावे

वेष्टण म्हणजे कवचावर तात्पुरते चढवलेले, आपटण्याचा जोर स्वतःवर घेणारे आवरण. काही कंपन्या आपापल्या मॉडेलांसाठी तयार कव्हर विकतात; ते मिळत नसल्यास घरगुती वेष्टणही पुरेसे होते, मात्र ते विचारपूर्वक करावे लागते. सर्वांत उपयोगी वस्तू एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळते. तांब्याच्या नळीवर चढवतात तो काळा, फुगीर फोमचा पाइप लांबीच्या दिशेने एका बाजूने चिरला की पेडलच्या बाहेरच्या कडेवर आणि हँडलवर नीट बसतो आणि त्यावर दुचाकीची जुनी ट्यूब कापून ताणून चढवली की तो हलत नाही. कवचाच्या सपाट बाजूंसाठी योगासनाच्या चटईसारखा, साधारण 6 ते 10 मिलिमीटर जाडीचा फोम घ्यावा आणि वरच्या पुढच्या-मागच्या कोपऱ्यांवर त्याचे दोन थर द्यावेत, कारण यंत्र आडवे होताना पेडलनंतर तेच कोपरे टेकतात. पोटऱ्या जेथे कवचाला लागतात तेथे मात्र एकच पातळ थर असावा; तेथील जाडी वाढली की पाय फाकतात आणि शिकलेला तोल पुढे वेष्टण काढल्यावर पुन्हा नव्याने शिकावा लागतो.

चिकटपट्टी थेट कवचावर लावू नये. उन्हात तापलेल्या पट्टीचा डिंक कवचाला घट्ट धरतो आणि ती काढताना रंगाचे पापुद्रे निघतात. रंगारी वापरतात ती कागदी टेप आधी लावावी, तिच्यावर कापडी टेप आणि मग फोम, असा क्रम ठेवल्यास वेष्टण निघतेही सहज. कोकणात हाताशी असणारा काथ्या आणि सुतळी या कामी वापरण्याचा विचार मनात येतो, पण या दोन्ही वस्तू ओल धरून ठेवतात आणि त्यांचा सुटलेला धागा चाकात ओढला जाण्याची भीती असते, म्हणून त्या वर्ज्य समजाव्यात.

वेष्टणाइतकेच महत्त्व मोकळ्या सोडायच्या जागांना आहे. कंट्रोलरमधील मॉस्फेट, म्हणजे मोटरला जाणारी वीज अतिशय वेगाने चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक भाग, चालताना तापतात आणि ती उष्णता कवचातील जाळीतून किंवा धातूच्या पट्टीतून बाहेर पडते. ही जाळी फोमने बुजली तर आपटण्यापासून वाचलेले यंत्र उष्णतेने जळते. त्याचप्रमाणे इशाऱ्याचा आवाज देणारा स्पीकर, दिवे, चालू-बंदचे बटण आणि चार्जिंगचे तोंड ही ठिकाणे उघडी ठेवावीत. वेष्टण पुरे झाल्यावर यंत्र बंद ठेवून चाक हाताने पूर्ण फिरवून पाहावे, आणि टायरपासून बोटभर अंतरात फोमची कड, टेपचे टोक किंवा पट्ट्याचे शेपूट येत नाही याची खात्री करावी.

पट्टा, वेग आणि इशारे

हँडलला बांधून हातात धरायचा पट्टा हे शिकाऊ काळातील दुसरे साधन आहे. त्याच्यामुळे उतरताना यंत्र आडवे पडत नाही आणि स्वाराविना पळतही नाही. परंतु त्याचा वापर जपून करावा लागतो. पट्टा मनगटाला गुंडाळू नये, बोटांत सैल धरावा, म्हणजे तोल गेल्यास तो तत्काळ सोडता येतो. सुटल्यावर त्याचे टोक टायरपर्यंत पोहोचणार नाही एवढीच त्याची लांबी असावी. आणि तो वर खेचून यंत्र जमिनीपासून उचलले जाणार नाही याकडे लक्ष द्यावे, कारण उचललेले चाक मोकाट फिरते हे वर आलेच आहे. पट्टा हा चालण्याच्या वेगापुरताच साथीदार आहे. सलग सरळ जाता येऊ लागताच तो काढून टाकावा, अन्यथा एक हात सतत खाली गुंतून राहतो आणि खांदे वाकडे ठेवण्याची खोड लागते. बाहेर ओढायचे हँडल सरावाच्या वेळी पूर्ण आत ढकलून ठेवावे, कारण बाहेर राहिलेले हँडल पहिल्याच आपटण्यात मोडते.

बहुतेक यंत्रांत मोबाइल अ‍ॅपद्वारे कमाल वेग ठरवता येतो. शिकताना तो ताशी 10 ते 12 किलोमीटरच्या आसपास ठेवावा. ही मर्यादा गाठली की यंत्र प्रथम आवाज देते आणि नंतर पेडलांचा पुढचा भाग वर उचलून स्वाराला मागे रेलायला लावते. या क्रियेला टिल्टबॅक म्हणतात. तिला विरोध करून पुढे झुकत राहिल्यास मोटरची ताकद अपुरी पडून तोल राखणेच बंद होते आणि मग स्वार व यंत्र दोघेही जोरात आपटतात. आवाज कर्कश वाटतो म्हणून इशारे बंद करणे हा त्यामुळे आत्मघात होय. टायरमधील हवाही पाहावी. तिचे प्रमाण स्वाराच्या वजनावर अवलंबून असते आणि त्याची मर्यादा टायरच्या कडेवर छापलेली असते. हवा कमी असेल तर दगडाच्या धक्क्याने रिम वाकते आणि चाक वळायला जड जाते, तर ती फार असेल तर चाक खड्यांवर उसळते.

उतार आणि भरलेली बॅटरी

मांडवी आणि राजिवडा समुद्रसपाटीलगत, तर मारुती मंदिर, साळवी स्टॉप आणि मिरजोळे सड्यावर, अशी रत्नागिरीची रचना असल्यामुळे शहरात सपाट जागेपेक्षा चढ-उतार अधिक आहेत, आणि या वाहनाला उताराचे एक वेगळेच वावडे आहे. एकचाकीला स्वतंत्र ब्रेक नसतो. मागे रेलल्यावर मोटरच उलटे काम करून जनित्र बनते, चाकाचा वेग कमी करते आणि त्यातून निर्माण झालेली वीज बॅटरीत परत पाठवते. बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल, तर या विजेला जायला जागा उरत नाही, व्होल्टेज मर्यादेबाहेर चढते आणि यंत्र इशारा देऊन पेडले उचलते किंवा प्रसंगी बंदही पडते. म्हणून सड्यावर राहणाऱ्याने उताराने निघायचे असल्यास बॅटरी 80-85 टक्क्यांच्या वर भरू नये, आणि शिकाऊ स्वाराने तर थांबणे पक्के जमेपर्यंत उतारावर पाऊलच टाकू नये.

चार्जिंगसाठी कंपनीचाच चार्जर वापरावा, कारण वेगवेगळ्या मॉडेलांची व्होल्टेज वेगळी असतात: पूर्ण भरलेल्या अवस्थेत कोणाची 67.2, कोणाची 84, तर कोणाची 100.8 व्होल्ट. तोंड सारखे असले म्हणून चार्जर सारखा होत नाही. सरावाहून आल्यावर यंत्र निवेपर्यंत थांबावे आणि मग फरशीच्या जमिनीवर, बाहेर पडण्याच्या दारापासून दूर, कोणीतरी जागे असताना चार्ज करावे. कौलारू घरातील लाकडी माळा किंवा पेंढा व सुकी लाकडे रचलेली पडवी ही त्यासाठी योग्य ठिकाणे नव्हेत. वळवाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवावा.

खारी हवा आणि तांबडी धूळ

विक्रेते एकचाकीच्या वर्णनात आयपी असा एक निर्देशांक देतात. विद्युत उपकरणाच्या कवचातून धूळ आणि पाणी कितपत आत शिरू शकते हे सांगणारे ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. उदाहरणार्थ, आयपीएक्स4 म्हणजे सर्व दिशांनी उडालेल्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून संरक्षण. ही चाचणी नव्या, अखंड कवचावर आणि गोड्या पाण्याने केलेली असते. पाच-पन्नास वेळा आपटलेल्या, सांधा उकललेल्या कवचाला तो निर्देशांक लागू राहत नाही, आणि महिनोन्‌महिने वाऱ्यातून येणाऱ्या मिठाविषयी तो काहीच सांगत नाही. म्हणून छापील अंकावर विसंबून शिकाऊ यंत्र पावसात नेऊ नये.

समुद्राच्या अंगाला सराव केल्यास घरी येताच यंत्र बंद करून गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसावे आणि लगेच कोरड्या फडक्याने टिपून घ्यावे. नळीने पाणी मारणे किंवा गाड्या धुण्याच्या पंपाचा झोत सोडणे पूर्णपणे टाळावे, कारण दाबाचे पाणी रबरी सांध्यांतून सहज आत जाते. जांभ्याची तांबडी धूळ अतिशय बारीक असते, ओलीबरोबर तिचा लगदा होतो आणि तो पेडलच्या बिजागरीत व बेअरिंगच्या कडेला बसतो. ती कोरडी असतानाच मऊ ब्रशने झाडून काढावी. पेडल करकरू लागले की घरात हाताशी असलेले खोबरेल तेल सोडण्याची सवय असते, परंतु त्या तेलावर धूळ चिकटून राहते आणि त्रास वाढतो. बिजागरीला जरासे ग्रीस पुरते, आणि टायरच्या आसपास तेलाचा थेंबही पडू देऊ नये.

पडल्यानंतरची तपासणी

प्रत्येक सरावानंतर पाच मिनिटांची तपासणी केली तर मोठे नुकसान टळते. प्रथम कवचाच्या दोन भागांमधील सांध्यावरून अंगठा दाबत न्यावा. एखाद्या ठिकाणी कवच आत-बाहेर हलत असेल, किंवा पातळ कागदाची पट्टी इतरत्र शिरत नसताना तेथे आत जात असेल, तर सांधा उकलला आहे असे समजावे. त्यानंतर स्क्रू पाहावेत. स्क्रूचे डोके आणि त्याच्या बाजूचे कवच यांवरून जाणारी नेलपॉलिशची एक बारीक रेघ यंत्र नवे असतानाच ओढून ठेवली, तर नंतर रेघ तुटलेली दिसताच स्क्रू ढिला झाल्याचे एका नजरेत कळते. पेडल धरून वर-खाली हलवून पाहावे, कारण त्याचा आस वाकला असेल तर पाय एका बाजूला झुकतो आणि शिकणारा तो आपल्याच तोलाचा दोष समजतो. शेवटी यंत्र बंद ठेवून चाक हाताने फिरवावे आणि घासण्याचा किंवा करकरण्याचा आवाज येतो का ते ऐकावे.

बारीक चीर दिसल्यास ती सुकवून, साफ करून वरून सिलिकॉनच्या सीलंटने बुजवता येते. मात्र हवेच्या जाळीवर सीलंट जाऊ देऊ नये आणि कवच उघडण्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे, कारण बंद यंत्रातही बॅटरीचा पूर्ण दाब तारांवर असतो. पडणे जोराचे असेल, कवच फुटून आतील भाग दिसत असेल, बॅटरीच्या जागी ऊब किंवा फुगवटा जाणवत असेल, आतून गोडसर, रसायनासारखा वास येत असेल किंवा यंत्र खाऱ्या पाण्यात पडले असेल, तर ते मुळीच चार्ज करू नये. अशी बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पेट घेऊ शकते. यंत्र घराबाहेर, उघड्यावर, जळणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवावे, आणि धूर दिसल्यास जवळ न जाता 101 किंवा 112 या क्रमांकावर कळवावे.

पावसाळ्याची बांधाबांध

कोकणात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत टिकतो; त्यामुळे दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरुवात करून मे महिन्याच्या मध्यापर्यंत शिकणे आटोपणे हाच येथील सोयीचा हंगाम होय. पाऊस लागण्यापूर्वी वेष्टण पूर्ण काढावे. ओला फोम कवचाला चिकटून राहिला तर त्याच्याखाली महिनाभरात बुरशी धरते आणि स्क्रू गंजतात, म्हणजे रक्षणासाठी केलेली वस्तूच नुकसानीचे कारण होते. यंत्र दोन दिवस कोरड्या खोलीत ठेवून मग सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकून ठेवावे, जमिनीवर थेट न ठेवता लाकडी पाटावर ठेवावे, बॅटरी 40 ते 60 टक्के भरलेली असावी आणि महिन्यातून एकदा तिची पातळी पाहावी. पूर्ण भरलेली बॅटरी पडून राहिली तर लवकर जीर्ण होते आणि पूर्ण रिकामी राहिली तर पुन्हा भरण्याजोगी उरत नाही.

वेष्टण कायमचे केव्हा काढावे, हा प्रश्न शेवटी उरतो. दोन्ही पायांपैकी कोणत्याही पायाने चढता येणे, ठरवलेल्या खुणेवर थांबता येणे आणि उतरताना यंत्र हँडलला धरून उभेच ठेवता येणे, या तीन गोष्टी सलग काही सरावांत न चुकता साधल्या की शिकाऊ टप्पा संपला असे मानावे. त्या वेळी वेष्टणाखालचे कवच उजेडात नीट पाहून घ्यावे, सांधे पुन्हा तपासावेत आणि पडलेल्या चिरा बुजवूनच पुढचा प्रवास सुरू करावा. वेष्टण निघाल्यावरही रोजचे पुसणे आणि स्क्रूंवरच्या रेघा पाहणे मात्र सुटत नाही, कारण पडणे थांबले तरी समुद्रावरचा वारा थांबत नाही.